सिलिमॅरिन 140: लेबलवरचा आकडा आणि यकृतापर्यंत पोचणारा ऐवज

केमिस्टकडे जाऊन 'लिव्हरसाठी काहीतरी द्या' म्हटलं की काउंटरवर हमखास येणाऱ्या वस्तूंपैकी एक म्हणजे सिलिमॅरिनची गोळी, बहुतेक वेळा 140 मिलिग्रॅमची. ऑनलाइन हाच माल 'मिल्क थिसल' या नावानं, मोठ्या डब्यात आणि बऱ्याच मोठ्या दाव्यांसह मिळतो. हे परीक्षण कुठल्या एका कंपनीच्या गोळीचं नाही. 140 ची साधी गोळी, फॉस्फोलिपिड या स्निग्ध पदार्थाशी बांधलेलं सिलिबिन (सिलिमॅरिनचा मुख्य घटक), सिरप आणि बियांची पूड ही चारही रूपं इथे तपासली आहेत. मापाला जर्मनीचं लेगॅलॉन हे सिलिमॅरिनचं औषध घेतलं आहे, कारण महत्त्वाच्या बऱ्याच चाचण्या त्याच अर्कावर झाल्या आहेत.

निकाल आधीच सांगतो. शुद्ध सिलिमॅरिनची, प्रमाणित अर्काची गोळी ठरावीक मुदतीसाठी आणि डॉक्टरांना सांगून घ्यायला हरकत नाही. ती सुरक्षित औषधांपैकी आहे. फॅटी लिव्हर उतरवायचं काम मात्र तिच्यावर सोपवू नका. आणि दारू चालू ठेवून 'संरक्षण' म्हणून ती घेणं म्हणजे स्वतःची फसवणूक आहे.

गोळीत नेमकं काय असतं

सिलिबम मॅरिअनम, म्हणजेच मिल्क थिसल, ही भूमध्य समुद्राकाठची काटेरी वनस्पती. जांभळं फूल, हिरव्या पानांवर दुधासारख्या पांढऱ्या शिरा. आपल्याकडे ती काश्मीर आणि हिमाचलच्या बाजूला रानात दिसते. औषधी भाग म्हणजे तिचं सुकलेलं फळ, ज्याला व्यवहारात सगळे बी म्हणतात. त्यात सिलिमॅरिन साधारण दीड ते तीन टक्के आणि तेल वीस टक्क्यांहून अधिक असतं. म्हणून कारखान्यात आधी तेल काढतात, मग उरलेल्या चोथ्यातून इथिल अ‍ॅसिटेटसारख्या द्रावकानं अर्क काढतात.

सिलिमॅरिन हा एक पदार्थ नव्हे, मिश्रण आहे. 1968 मध्ये म्युनिकच्या संशोधकांनी ते वेगळं केलं. त्यात सिलिबिन साधारण निम्मं किंवा थोडं जास्त, आणि सोबत आयसोसिलिबिन, सिलिक्रिस्टिन, सिलिडायनिन. ही सगळी फ्लेव्होनोलिग्नन, म्हणजे फ्लेव्होनॉइडच्या सांगाड्याला लिग्ननचा तुकडा जोडलेले रेणू. थोडं टॅक्सिफोलिन हे साधं फ्लेव्होनॉइडही असतं. कुटकी आणि भुईआवळा यांना याच पंक्तीत बसवलं जातं, पण त्यांचे नावाजलेले घटक वेगळ्या गटाचे आहेत. एकाचे निष्कर्ष दुसऱ्याला लावता येत नाहीत.

एक सावधगिरी. काही विक्रेते उंटकटारा नावाची पूड मिल्क थिसल म्हणून विकतात. उंटकटारा म्हणजे बहुतेकदा एकिनॉप्स, आपल्या माळरानावरचा काटेचेंडू. कूळ एकच, झाड वेगळं. त्यात सिलिमॅरिन शोधू नका. पाकिटावर 'सिलिबम मॅरिअनम' हे पूर्ण नाव नसेल तर ते तिथेच ठेवा.

यकृताच्या पेशीत ते करतं काय

यकृताच्या पेशीवर ऑक्सिडेटिव्ह ताण मुख्यतः तीन वाटांनी येतो. मायटोकॉन्ड्रियात ऊर्जा तयार होताना काही इलेक्ट्रॉन वाटेतच गळतात, ऑक्सिजनला चिकटतात आणि सुपरऑक्साइड बनतं. फॅटी लिव्हरमध्ये चरबी जाळण्याचा बोजा वाढला की ही गळतीही वाढते. दुसरी वाट सायटोक्रोम 2ई1 या एन्झाइमची. नियमित दारू पिणाऱ्यांत ते वाढलेलं असतं, आणि पॅरासिटॅमॉलपासून एनएपीक्यूआय हा घातक पदार्थ बनवण्यातही त्याचाच मोठा हात असतो. तिसरी वाट लोहाची. सुट्या लोहाशी हायड्रोजन पेरॉक्साइडची गाठ पडली की हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतं. ते जिथे जन्मतं तिथेच शेजारचा रेणू फोडतं. पेशीच्या आवरणातल्या असंतृप्त स्निग्धाम्लांना ते लागलं तर एकामागून एक रेणू नासत जातात, आवरण गळकं होतं, आणि आतलं एसजीपीटी हे एन्झाइम रक्तात उतरतं. रिपोर्टमध्ये वाढलेला आकडा दिसतो तो बऱ्याचदा याच गळतीचा.

फ्लेव्होनॉइड हे रॅडिकल टिपून घेतात, असं जवळजवळ प्रत्येक जाहिरात सांगते. परीक्षानळीत ते खरं आहे. पेशीत मात्र हिशोब जुळत नाही. यकृताच्या पेशीत स्वतःचं ग्लुटाथिओन हे संरक्षक द्रव्य 5 ते 10 मिलिमोलर इतकं भरलेलं असतं. नेहमीच्या डोसनंतर रक्तातलं मुक्त सिलिबिन एक मायक्रोमोलरच्याही (मिलिमोलरच्या हजाराव्या भागाच्याही) खाली राहतं. आतड्यातून येणारं रक्त आधी यकृतातच जातं, त्यामुळे तिथे प्रमाण थोडं बरं असणार, पित्तात तर ते रक्ताच्या शंभरपट आढळतं. तरीही ग्लुटाथिओनशी बरोबरी होणं शक्य नाही. शिवाय क्वेर्सेटिन या दुसऱ्या फ्लेव्होनॉइडमध्ये दोन हायड्रॉक्सिल गट शेजारी-शेजारी असलेली कॅटेकॉल कडी असते, तशी सिलिबिनमध्ये नाही. त्यामुळे रॅडिकल टिपण्याच्या कामात ते मुळातच बेताचं आहे. प्रयोगशाळेतले पुष्कळ 'चमत्कार' पेशींवर 50 ते 100 मायक्रोमोलर ओतून मिळालेले आहेत. त्या पातळीला गोळी पोचत नाही.

मग संरक्षण येतं कुठून? अधिक पटणारं स्पष्टीकरण असं की हे रेणू पेशीची स्वतःची यंत्रणा जागी करतात. एनआरएफ2 हे प्रथिन एरवी कीप1 नावाच्या दुसऱ्या प्रथिनानं धरून ठेवलेलं असतं. ती पकड सुटली की एनआरएफ2 केंद्रकात जातं आणि ग्लुटाथिओन बनवणारी, हीम ऑक्सिजनेज-1 आणि एनक्यूओ1 सारखी एन्झाइमं वाढवतं. दुसरीकडे एनएफ-कॅपा-बी हा दाहाचा संदेश मंदावतो, त्यामुळे यकृतातल्या कुप्फर या रोगप्रतिकारक पेशींचा आक्रस्ताळेपणा कमी होतो, आणि ताऱ्याच्या आकाराच्या स्टेलेट पेशींना कोलेजन विणायला मिळणारं उत्तेजनही घटतं. हे सगळं प्राण्यांत आणि पेशींत चांगलं दिसलं आहे. माणसात कितपत, ते पुढे येतंच.

सिलिबिनचं सर्वांत ठोस काम मात्र रॅडिकलशी संबंधितच नाही. अमॅनिटा फॅलॉइडिस या विषारी अळंब्याचं अमॅनिटिन ज्या वाहक प्रथिनांतून यकृताच्या पेशीत शिरतं, ती सिलिबिन अडवतं. विष पित्तातून आतड्यात आणि तिथून पुन्हा यकृतात असं फिरत राहतं, म्हणून दार बंद करण्याला अर्थ आहे. त्यासाठी वापरतात ते शिरेतून द्यायचं, पाण्यात विरघळणारं रूप. डोस दिवसाला वजनाच्या दर किलोमागे 20 मि.ग्रॅ., चार भागांत, प्रत्येक भाग दोन तासांत. युरोपात हा उपचार वर्षानुवर्षं रुळलेला आहे. तिथलं यश दाखवून तोंडावाटे घ्यायची गोळी विकणं साफ गैर आहे, कारण गोळीतून रक्तात जाणारं प्रमाण त्याच्या जवळपासही नसतं.

लेबल कसं वाचायचं

इथेच बहुतेक ग्राहक नाडले जातात. 'मिल्क थिसल 1000 मि.ग्रॅ.' असं मोठ्या अक्षरात असलं तर मागची बाजू पाहा. '40:1 अर्क, 1000 मि.ग्रॅ. बियांइतका' असं लिहिलं असेल तर आत प्रत्यक्ष अर्क फक्त 25 मि.ग्रॅ. आहे, आणि तो 80 टक्के प्रमाणित धरला तरी सिलिमॅरिन 20 मि.ग्रॅ. याउलट '175 मि.ग्रॅ. अर्क, 80 टक्के सिलिमॅरिन' म्हणजे सरळ 140 मि.ग्रॅ. टक्केवारी लिहिलेलीच नसेल तर बाकीचे आकडे निरर्थक आहेत.

यापुढे मोजणीच्या पद्धतीचा प्रश्न येतो. जुन्या, रंगावर किंवा यूव्हीवर (अतिनील प्रकाशावर) आधारलेल्या पद्धतीत सिलिमॅरिनसोबत इतरही काही फिनॉल मोजले जातात, म्हणून आकडा फुगतो. एचपीएलसीत प्रत्येक घटक वेगळा मोजला जातो. लेगॅलॉन 140 च्या बाबतीत हा फरक कागदावरच दिसतो: जुन्या पद्धतीनं 140, एचपीएलसीनं 108.2 मि.ग्रॅ. औषध तेच, मोजपट्टी वेगळी. त्यामुळे 'एचपीएलसीनुसार 110 मि.ग्रॅ.' लिहिणारी कंपनी '140 यूव्ही' लिहिणारीपेक्षा कमी देते असं समजू नका. किंमत ताडतानाही गोळीमागे नव्हे, एकाच पद्धतीनं मोजलेल्या दर 100 मि.ग्रॅ. सिलिमॅरिनमागे किती रुपये पडतात ते काढा. मोठ्या डब्याचा स्वस्तपणा इथे अनेकदा विरघळून जातो.

आपल्या बाजारात हीच वस्तू दोन दारांनी येते. औषध म्हणून असेल तर पट्टीवर औषध निर्मितीचा परवाना क्रमांक असतो. पूरक आहार म्हणून असेल तर एफएसएसएआयचा 14 आकडी क्रमांक, आणि 'औषधी वापरासाठी नाही' अशा अर्थाची ओळ. पहिल्याला आमची पसंती. पूरक आहारातही चांगला माल आहे, पण तिथे विशिष्ट बॅचचा तपासणी अहवाल मागा, आणि त्यात सिलिमॅरिनच्या आकड्यासोबत अ‍ॅफ्लाटॉक्सिन आणि इतर बुरशीविषांची तपासणी आहे का ते पाहा. ही केवळ कागदी काळजी नव्हे. काटेरी फुलोरा ओल धरून ठेवतो, फळावर बुरशी सहज येते. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चेक संशोधकांच्या तपासणीत वनस्पतिजन्य पूरकांपैकी मिल्क थिसलच्या उत्पादनांत बुरशीविषं सर्वाधिक सापडली. अ‍ॅफ्लाटॉक्सिन हे स्वतःच यकृताचं विष आहे; यकृतासाठी घेतलेल्या कॅप्सूलमधून ते पोटात जावं यासारखं दुर्दैव नाही.

चार रूपं

साधी 140 ची गोळी किंवा कॅप्सूल आमच्या मते पहिली निवड. मर्यादा एकच, पण मोठी: सिलिबिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आणि जे शोषलं जातं त्याला आतडं आणि यकृत लगेच ग्लुकुरोनाइड जोडून बाहेर काढायच्या मार्गाला लावतात. रक्तातला उच्चांक दोन ते चार तासांत येतो, निम्मं साधारण सहा तासांत जातं. म्हणून डोस दिवसातून एकदा 420 असा न घेता 140 तीनदा असा ठेवतात. गोळी निदान फुटते का, हे घरी पाहता येतं: अंगाइतक्या कोमट पाण्यात टाकून अधूनमधून हलवा. पातळ आवरणाच्या गोळीनं अर्ध्या तासात फुटायला हवं. तास उलटला तरी ती अखंडच असेल तर ती बॅच परत करा. फुटली म्हणजे विरघळली असं नव्हे. तळाशी पिवळसर-तपकिरी गाळ राहणं हे या पदार्थाच्या स्वभावाला धरूनच आहे.

फॉस्फोलिपिडशी बांधलेलं सिलिबिन, म्हणजे इटलीच्या इंडेना कंपनीचं सिलिफॉस किंवा त्या धर्तीचं, रक्तात कित्येक पट जास्त उतरतं. रसायनाच्या बाजूनं हेच रूप सर्वांत समंजस. पण इथेही हिशोब करावा लागतो: सिलिफॉसमध्ये सिलिबिन सुमारे एक तृतीयांशच, म्हणजे 120 मि.ग्रॅ. मध्ये जवळपास 40. किंमत बरीच जास्त, आणि मोठ्या चाचण्यांचं पाठबळ साध्या अर्काहून कमी. रक्तात जास्त उतरणं म्हणजे रुग्णाला जास्त गुण येणं, हे अजून सिद्ध व्हायचं आहे.

सिरपची शिफारस आम्ही करत नाही. एका चमच्यात, म्हणजे 5 मि.लि. मध्ये 35 मि.ग्रॅ. असेल तर 140 साठी 20 मि.लि. घ्यावं लागतं, आणि दिवसाला 60 मि.लि. गोड द्रावण पोटात जातं. मधुमेह आणि फॅटी लिव्हर सोबत असणाऱ्याला हे परवडणारं नाही. सिलिमॅरिन तळाशी बसत असल्यानं बाटली नीट हलवली नाही तर सुरुवातीचे डोस पाणचट आणि शेवटचे तीव्र होतात. गोळी गिळता येत नसेल तरच सिरप घ्या, आणि पंधरा-वीस वेळा जोरात हलवून.

बियांची पूड आणि तिचा चहा ही सर्वांत कमकुवत वस्तू. जर्मनीच्या कमिशन ई या वनौषधी तपासणाऱ्या समितीनं बियांची रोजची मात्रा 12 ते 15 ग्रॅम सांगितली होती, ती पचनाच्या तक्रारींसाठी. उकळत्या पाण्यात सिलिमॅरिन फार थोडं उतरतं, त्यामुळे चहात गरम पाण्याखेरीज विशेष काही नसतं. पूड जेवणात घातली तर निदान सगळा ऐवज पोटात जातो, पण तेल खवट होतं. दळून आणलेली पूड कोकणातल्या पावसाळ्यात उघड्या डब्यात ठेवणं म्हणजे बुरशीला आमंत्रण.

पाचवा प्रकार म्हणजे मिश्रणं: सिलिमॅरिनसोबत एल-ऑर्निथिन, अर्सोडिऑक्सिकोलिक अ‍ॅसिड, बी-कॉम्प्लेक्स, वर पाच-सहा वनस्पती. ही टाळा. त्रास झाला तर कशानं झाला ते कळत नाही, आणि प्रत्येक घटकाचा डोस अपुरा असण्याची शक्यता असते. यादीत गुळवेल किंवा ग्रीन टीचा अर्क असेल तर अधिकच जपून. 2020 च्या उत्तरार्धात गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केली; आयुष मंत्रालयानं त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. ग्रीन टीतलं ईजीसीजी तर स्वतः फ्लेव्होनॉइडच आहे, आणि पूरकांतून ते दिवसाला 800 मि.ग्रॅ. किंवा अधिक घेतलं तर एसजीपीटी वाढू शकतं, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं 2018 मध्ये नोंदवलं. फ्लेव्होनॉइड आहे म्हणून यकृताला सोसेलच, असं धरून चालू नका.

माणसांवरचा अनुभव

1989 च्या ऑस्ट्रियन चाचणीत सिरोसिसचे 170 रुग्ण होते. दिवसातून तीनदा 140 मि.ग्रॅ. घेणाऱ्यांत चार वर्षांनंतर 58 टक्के हयात होते, नकली गोळी घेणाऱ्यांत 39 टक्के. जाहिरातीत आजही हीच चाचणी सांगतात. 1998 मध्ये स्पेनमध्ये दारूमुळे सिरोसिस झालेल्या 200 जणांना दिवसाला 450 मि.ग्रॅ. दिलं, आणि जगण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही. हे मात्र जाहिरातीत सापडत नाही.

डोस कमी पडत असेल, ही शंका रास्त होती. म्हणून अमेरिकेत हिपॅटायटिस सीच्या, इंटरफेरॉन या औषधाचा उपयोग न झालेल्या 154 रुग्णांना 420 किंवा 700 मि.ग्रॅ. लेगॅलॉन दिवसातून तीनदा, 24 आठवडे दिलं. 2012 चा निकाल: एसजीपीटी नकली गोळीपेक्षा जास्त उतरलं नाही. त्रासही जास्त झाला नाही, म्हणजे दिवसाला 2100 मि.ग्रॅ. पर्यंत औषध सोसलं जातं, एवढी खात्री मिळाली. फॅटी लिव्हरच्या दाहावर मलेशियात 2017 मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी अधिक बोलकी आहे. 99 रुग्ण, 700 मि.ग्रॅ. तीनदा, 48 आठवडे, आणि आधी-नंतर यकृताचा तुकडा तपासलेला. ठरवलेलं मुख्य उद्दिष्ट 32.7 टक्क्यांनी गाठलं, नकली गोळीवर 26 टक्क्यांनी. हा फरक योगायोगाच्या पलीकडे जात नाही. मात्र फायब्रोसिस (यकृतात साचलेले व्रणतंतू) उतरलेले 22.4 विरुद्ध 6 टक्के होते. आम्हाला हा धागा महत्त्वाचा वाटतो, पण मोठ्या चाचणीत तो टिकेपर्यंत त्यावर औषधयोजना उभारता येत नाही. आणि लक्षात घ्या, तो डोस दिवसाला 140 च्या पंधरा गोळ्यांइतका होता.

तुलनेसाठी: वजन 7 ते 10 टक्के घटवणाऱ्यांत यकृताचा दाह स्पष्ट उतरतो. 80 किलोच्या माणसाला हे साडेपाच ते आठ किलो पडतात. गोळीला हे जमलेलं नाही.

कोणी टाळावी, घ्यायची तर कशी

शेवंती, झेंडू, गाजरगवत यांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी टाळावी. कूळ एकच आहे. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना नको. वॉर्फरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये, कारण सिलिबिन सायटोक्रोम 2सी9 काही अंशी अडवतं. सुरू केलीच तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याच्या वेळेचा आकडा, लवकर तपासावा. लोसार्टन आणि ग्लिमेपिराइड याच वाटेनं जातात, म्हणून रक्तदाब आणि साखर यांवर नजर ठेवावी. सिलिमॅरिननं साखर थोडी उतरल्याचंही दिसलं आहे.

टीबीची औषधं घेणाऱ्यांना ही गोळी सर्रास जोडून दिली जाते. दिली असेल तर घ्या, पण तिच्या भरवशावर तपासण्या चुकवू नका. मळमळ, उलटी, कावीळ अशी लक्षणं असून एसजीपीटी सामान्य मर्यादेच्या तिपटीवर गेलं, किंवा लक्षणं नसतानाही पाचपटीवर गेलं, तर औषधं थांबवण्याचा निर्णय डॉक्टरांनी त्याच दिवशी घ्यायचा असतो. पॅरासिटॅमॉल जास्त पोटात गेलं असेल तर सिलिमॅरिन शोधत वेळ घालवू नका. तिथे उतारा एन-अ‍ॅसिटिलसिस्टिन आहे आणि तो पहिल्या आठ तासांत सर्वांत चांगला लागू पडतो.

सुरू करण्याआधी एसजीपीटी, एसजीओटी, बिलिरुबिन आणि सोनोग्राफीचा कागद हाताशी हवा, नाहीतर फरक कशाशी ताडणार? 140 दिवसातून तीनदा. पोट ढवळत असेल तर जेवणानंतर. पहिल्या आठवड्यात शौचाला थोडं पातळ होणं नेहमीचं आहे, ते टिकलं तर डोस कमी करा. त्याच लॅबमध्ये 12 आठवड्यांनी पुन्हा तपासा, आणि आदल्या दोन दिवसांत जड व्यायाम किंवा दारू नको, कारण दोन्हींनी आकडे हलतात. त्या काळात वजन, औषधं आणि दारूत काही बदल झाला असेल तर तो रिपोर्टवरच लिहून ठेवा. बारा आठवड्यांत आकडा हलला नसेल तर पुढची पट्टी घेऊ नका. हिपॅटायटिस बी आणि सी, थायरॉइड, फेरिटिन यांच्या तपासण्या आणि यकृताचा कडकपणा मोजणारा फायब्रोस्कॅन यांवर तेच पैसे जास्त कारणी लागतील.